'करण्यात येईल' कुठून येतं? वाक्याचं वळण आणि आपली कागदी मराठी

(कोल्हार येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

मराठी बिघडली, अशी तक्रार आपण सगळेच ऐकतो आणि थोडीफार करतोही. तक्रार ऐकली की एक गोष्ट लक्षात येते. ती जवळजवळ नेहमी शब्दांबद्दल असते. इंग्रजी शब्द फार घुसले, हिंदी शब्द आले, फलाणा शब्द अशुद्ध आहे, वगैरे. वाक्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आज आपण वाक्याबद्दल बोलू. आपण जे वाक्य बोलतो किंवा लिहितो, त्याचा साचा आपण निवडतो की तो नुकताच कानावरून, डोळ्यांखालून गेलेला असतो, हा आजचा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न कोल्हारसारख्या गावात का विचारायचा, तेही पुढे येईल.

साधी गोष्ट घेऊ. बाजारात भाजीवाल्या मावशींना आपण विचारतो, "मावशी, कितीला दिली जुडी?" उत्तर येतं, "वीसला." दुसरं कोणी विचारतं, "जुडीचे किती रुपये?" उत्तर येतं, "वीस रुपये." भाव तोच, जुडी तीच. उत्तराचं वळण मात्र प्रश्नाने ठरवलं. मावशींनी मुद्दाम काही केलं नाही, त्यांना ते कळलंही नसेल. येत्या बाजारच्या दिवशी करून पाहा. दरवेळी असंच होईल असं नाही, पण बऱ्याचदा होईल.

हीच गोष्ट १९८२ साली लेव्हेल्ट आणि केल्टर या दोन संशोधकांनी नेदरलँड्समध्ये तपासली. दुकानदारांना फोन करून विचारायचं, दुकान किती वाजता बंद होतं? डच भाषेत हा प्रश्न एक छोटं अव्यय लावूनही विचारता येतो आणि न लावताही. अर्थात फरक पडत नाही. प्रश्नात अव्यय असलं की उत्तरातही ते येण्याचं प्रमाण वाढलं, नसलं की घटलं. आता कोणी म्हणेल, यात काय विशेष? समोरच्याचा शब्द परत केला, एवढंच.

ही शंका रास्त आहे. तिला जास्त चांगलं उत्तर चार वर्षांनी मिळालं. १९८६ साली अमेरिकेत कॅथरीन बॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला एक वाक्य ऐकवायचं, ते त्याने मोठ्याने परत म्हणायचं. मग एक चित्र दाखवायचं, ज्याचा त्या वाक्याशी काही संबंध नाही, आणि विचारायचं, यात काय चाललंय? सांगताना लोक आधीच्या वाक्याचा साचा वापरण्याकडे झुकले. आधीचं वाक्य कर्मणी असेल तर चित्राचं वर्णन कर्मणीत होण्याची शक्यता वाढली. शब्द वेगळे, विषय वेगळा, साचा तोच. इंग्रजीत या परिणामाला नाव आहे. आपण मराठीत त्याला 'वळण लागणं' म्हणू. अक्षराला वळण लागतं, पोराला वळण लागतं, तसं वाक्यालाही लागतं.

पुढची माहिती आपल्या कामाची आहे. २००० साली बॉक आणि ग्रिफिन यांनी दाखवलं की मध्ये दहा वेगळी वाक्यं गेली तरी हे वळण टिकून राहतं. म्हणजे ही नुसती तात्पुरत्या आठवणीची करामत नाही. २००८ साली फेरेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांवर प्रयोग केला. आपण कोणतं वाक्य ऐकलं हे त्यांना नीट ओळखता येत नव्हतं, पण त्या वाक्याचं वळण त्यांच्या बोलण्यात उतरत होतं. आठवण पुसली तरी सवय राहते. सायकल चालवण्यासारखंच हे. आणि २००४ साली हार्टसायकर, पिकरिंग आणि वेल्टकॅम्प यांनी स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांवर काम केलं. स्पॅनिशमध्ये कर्मणी वाक्य ऐकल्यावर ते लोक इंग्रजीतही कर्मणी जास्त वापरू लागले. म्हणजे वळण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातं. मराठी माणूस आज दिवसभरात किती भाषांमधून जातो हे आठवलं की या निष्कर्षाचं वजन कळतं.

इथे जरा थांबू. कारण असं संशोधन हाती आलं की त्यावर हवं ते घर बांधायची घाई होते. काही मर्यादा आधी सांगायला हव्यात. पहिली, हा परिणाम म्हणजे सक्ती नाही. तराजूचं पारडं थोडं झुकतं, इतकंच. दुसरी, असे प्रयोग बव्हंशी इंग्रजी आणि काही युरोपीय भाषांत झाले, आणि पुष्कळदा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर. तिसरी, नेमकं काय पुढे जातं यावर अजून वाद आहे. निव्वळ साचा पुढे जातो असं १९९०च्या एका प्रसिद्ध प्रयोगावरून मानलं जायचं. २०१९ मध्ये काही अभ्यासकांनी दाखवलं की त्या प्रयोगातल्या वाक्यांत एक छोटा समान शब्दही होता, आणि त्याचा वाटा दुर्लक्षून चालणार नाही. शास्त्रात असंच चालतं. आपण एवढंच धरून चालू, की नुकतं भेटलेलं वाक्य पुढच्या वाक्याचं पारडं झुकवतं, आणि वारंवार भेटलं तर झुकाव मुरतो.

आता मराठीकडे येऊ. पारडं झुकायला आधी दोन पारडी हवीत, म्हणजे एकच गोष्ट सांगायच्या दोन रीती हव्यात. मराठीत त्या भरपूर आहेत. "मी येतो असं तो म्हणाला" आणि "तो म्हणाला की मी येतो." "काल आलेला माणूस" आणि "जो माणूस काल आला तो." यातलं काही चूक नाही. दोन्ही आपलंच. पण ज्या रीती आपल्या नव्हत्या, त्या कशा आल्या बघा. "मला मदत कर" असं आपण म्हणत आलो. आता पोरं "माझी मदत कर" म्हणतात. हिंदीत 'मेरी मदद करो' असतं. सगळे शब्द मराठी आहेत, वळण हिंदीचं. टीव्हीवरची जाहिरात विचारते, "काय तुमचे केस गळतात?" आपल्या घरात कोणी असं विचारत नाही. "तुमचे केस गळतात का?" असं विचारतात. 'क्या' पुढे असतो म्हणून 'काय' पुढे आला. शब्दकोश घेऊन बसलात तर या वाक्यात एकही परका शब्द सापडणार नाही.

आता आजच्या मुख्य गुन्हेगाराकडे वळू. 'करण्यात येईल.' 'करण्यात आले आहे.' 'करण्यात यावी.' ही वाक्यं कोण बोलतं? घरात कोणी नाही. "आज पिठलं करण्यात येईल" असं कोणी म्हणालं तर आपण हसू. पण फलकावर, पेपरात, अर्जात, मुलांच्या निबंधात हेच सापडतं.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं, की हे इंग्रजीचं आक्रमण आहे. शाळेच्या व्याकरणातही 'नवीन कर्मणी' नावाचा प्रयोग शिकवतात, आणि तो इंग्रजी पॅसिव्ह व्हॉइसच्या धर्तीवर आला असं सांगतात. "रामाकडून रावण मारला गेला", हे त्यातलं ठरलेलं उदाहरण. पण त्याच व्याकरणात आणखी एक प्रयोग आहे, पुराणकर्मणी. जुन्या मराठीत 'कीजे', 'बोलिजे' अशी रूपं होती. केलं जातं, बोललं जातं, असा त्यांचा अर्थ. ही नदी पुढे जिथे जाते त्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं आपण परंपरेने मानतो, त्या काळच्या मराठीत ही रूपं सर्रास आहेत. आपण दिवसातून शंभरदा 'म्हणजे' म्हणतो ना, ते त्याच 'म्हणिजे'चं उरलेलं रूप. तेव्हा कर्मणी मराठीला परकं, हे म्हणणं टिकत नाही. आणि 'करण्यात येईल' ही घडण तर इंग्रजीत शब्दशः नाहीच. 'करणे'ला 'त' लावून पुढे 'येणे' ठेवणं, हे सगळं सामान घरचंच आहे.

मग बदललं काय? प्रमाण बदललं, आणि जागा बदलली. आणि वळणाचा सिद्धांत नेमका इथेच उपयोगी पडतो. तो सांगतो की बाहेरची भाषा नवीन वाक्य आणून टाकतेच असं नाही. घरात कोपऱ्यात पडलेली एक रीत ती पुढे ओढते. इंग्रजी कागदाचं भाषांतर करणाऱ्या कारकुनासमोर दिवसभर कर्मणी वाक्यं असतात. तो मराठी लिहायला बसला की मराठीतलं सगळ्यात जवळचं पारडं झुकतं. त्याचं पत्र दुसऱ्या कचेरीत जातं. तिथला माणूस इंग्रजी न वाचताही तेच वळण उचलतो. बातमीदार पत्रकावरून बातमी करतो. विद्यार्थी बातमी वाचून निबंध लिहितो. या साखळीत कोणी कोणाला शिकवलेलं नाही. प्रत्येकाने फक्त आधीचा कागद वाचलेला आहे. ही साखळी कोणी प्रयोगशाळेत मोजलेली नाही, हा आमचा तर्क आहे. पण वरच्या प्रयोगांशी तो जुळतो.

आपल्या भाषाशुद्धीच्या चळवळींवर आमची टीका आहे ती इथे. शिवाजी महाराजांच्या काळचा राज्यव्यवहारकोश घ्या. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय. सावरकरांची भाषाशुद्धी घ्या. दिनांक, महापौर असे शब्द त्यातून रुळले आणि आज ते आपले वाटतात. राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने पदनाम कोश केला. हे मोठं काम होतं, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण तिन्ही ठिकाणी शब्द मोजले, वाक्य मोजलं नाही. परिणाम काय? 'तारीख' जाऊन 'दिनांक' आला, आणि वाक्य झालं, "दिनांक अमुक रोजी कार्यवाही करण्यात येईल." शब्द शुद्ध झाले, पण कार्यवाही करणार कोण, हे मात्र गुलदस्त्यात.

आता हे कोल्हारला का सांगायचं? हा प्रवरेच्या कालव्यांचा पट्टा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. तेव्हापासून इथलं पीक पाण्याच्या पाळीवर चालतं, आणि पाळीची खबर कागदावर येते. गावात आपण म्हणतो, "पाणी सुटलं." कागद म्हणतो, "आवर्तन सोडण्यात येईल." कोणी म्हणेल, अहो, "पाणी सुटलं" यात तरी सोडणारा कुठे आहे? खरं आहे. मराठीत सुटणं-सोडणं, तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं अशा जोड्या आहेत. 'सुटलं' म्हणताना आपण कर्ता मनातच धरत नाही, फक्त घटना सांगतो. म्हणून त्यावर लगेच प्रश्न येतो, "कोणी सोडलं?" 'सोडण्यात आलं' मध्ये सोडणारा आहे. तो जाणूनबुजून काम करतोय, पण वाक्यात त्याला जागा दिलेली नाही. वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतं आणि प्रश्न विचारायची जागाच बुजते. पाणी आलं तर ठीक. आलं नाही तर? "सोडण्यात आले नाही." आता भांडा कोणाशी?

आणि पुढची गंमत बघा. शेतकरी तक्रारीचा अर्ज लिहितो तेव्हा काय लिहितो? "तरी योग्य ती कारवाई करण्यात यावी, ही नम्र विनंती." कचेरीने कर्ता लपवला तो तिच्या सोयीने. पण अर्जदाराने का लपवला? त्याला तर कर्ता हवा आहे! त्याला लिहायचं असतं, "साहेब, तुम्ही आठ दिवसांत पाणी सोडा." पण ज्याच्याशी बोलायचं त्याचं वळण बोलणारा उचलतो, बाजारात मावशींनी आपल्या प्रश्नाचं उचललं तसंच. संवादात हा परिणाम आणखी जोरात दिसतो, हे ब्रॅनिगन, पिकरिंग आणि क्लेलंड यांच्या २०००च्या प्रयोगात आढळलं. कचेरीशी बोलताना आपण कचेरीसारखे होतो. विनयाचा भागही त्यात आहे, नाही असं नाही. मोठ्या माणसाला थेट 'करा' म्हणायचा संकोच वाटतो. पण विनय 'आपण कृपया करावं' यातही असतो, आणि त्यात 'आपण' शिल्लक राहतो.

कागदी मराठी मुळातच अशी असते, असंही कोणी म्हणू नये. ग्रामसभेचं किंवा सोसायटीचं प्रोसिडिंग बुक उघडा. ठराव "सर्वानुमते मंजूर करण्यात आला," हे असतंच. पण त्याखाली दोन ओळी असतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. त्या दोन ओळींनी कर्त्याला परत आणलं. वाद झाला की आपण ठरावाची भाषा वाचत नाही, सूचक कोण होता ते बघतो. कायद्यानेही हे ओळखलं. २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात प्रत्येक सेवेला पदनिर्देशित अधिकारी आणि मुदत ठरवावी लागते. म्हणजे कोण करणार आणि कधीपर्यंत, हे दोन्ही सांगावं लागतं. कायद्यात कर्ता आला, वाक्यात अजून यायचा आहे.

वाङ्मयाकडे थोडं पाहू, कारण ही समीक्षेची जागा आहे. इथून जवळच राहुरी. तिथे आणि नगरला ना. वा. टिळकांचं कुटुंब राहिलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. शाळेचं शिक्षण नावापुरतंही नाही, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकल्या. ते पुस्तक आज उघडलं तरी जुनं वाटत नाही. का? आम्हाला वाटतं, एक मोठं कारण वाक्यात आहे. त्यांच्या वाक्यात माणूस असतो आणि तो काहीतरी करत असतो. कोणी रागावलं, कोणी पळालं, कोणी भांडी घासली, हे स्पष्ट असतं. धर्मांतरासारखा घराचे दोन तुकडे करणारा प्रसंगही त्या कोणी काय केलं, कोण काय म्हणालं, यातून सांगतात. त्याच काळातलं पुष्कळ विद्वान गद्य आज वाचवत नाही, कारण त्यात माणसांऐवजी नामं चालतात. बाई शिकल्या नव्हत्या म्हणून चांगलं लिहू शकल्या, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढत नाही. नर्मविनोद त्यांचा स्वतःचा होता, निरीक्षण स्वतःचं होतं. पण कागदाचं वळण लागण्याआधी बोलण्याचं वळण पक्कं झालं होतं, हेही नजरेआड करता येत नाही.

वळण लागणं नेहमी वाईटच, असंही नाही. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड आठवा. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली त्या गावावर लिहिलेला लेख जगभर वाचला गेला. गावात मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू अशा भाषा. लोकांनी आपापले शब्द ठेवले, पण शतकानुशतकं एकमेकांशी बोलताना वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली की एका भाषेतून दुसरीत शब्दाला शब्द ठेवत जाता यावं. एक नमुना आपल्या 'आम्ही' आणि 'आपण'चा. आपल्यात हा भेद आहे. ऐकणाऱ्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. प्रमाण उर्दूत तो तसा नाही, पण कुपवाडच्या उर्दूने तो घेतला. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनी त्या गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि पहिल्या चित्राची चिकित्सा केली. तो वाद अभ्यासकांचा. आपल्यापुरता मुद्दा असा, की कुपवाडात वळण शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेलं आणि माणसं एकमेकांना जास्त समजू लागली. कागदी मराठीत ते वरून खाली येतं, आणि समज कमी होते. तपासायचं ते हे. वळण कोठून आलं यापेक्षा त्याने बोलणाऱ्याचं काय झालं, हे जास्त महत्त्वाचं.

मग करायचं काय? बंदी घालून काही होणार नाही. 'करण्यात येईल' वापरू नका, असं शंभरदा सांगितलं तर ते शंभरदा कानावर पडेल, आणि वळणाचा नियम आपल्यावरच उलटेल! वळणाला उत्तर वळणानेच द्यावं लागतं. दुसऱ्या पारड्यात वजन टाकावं लागतं. शाळेत गुरुजी-बाईंनी आठवड्यातून एक फलकावरचं वाक्य घ्यावं आणि मुलांकडून ते कर्तरीत लिहून घ्यावं. "कचरा टाकण्यास मनाई करण्यात आली आहे" याचं "ग्रामपंचायतीने इथे कचरा टाकायला मनाई केली आहे." पाच मिनिटांचं काम. निबंध लिहायच्या आधी पोरांना पेपर वाचायला देण्याऐवजी आजीकडून एक गोष्ट ऐकून यायला सांगावं, किंवा लक्ष्मीबाईंची दोन पानं मोठ्याने वाचून घ्यावीत. मोठ्याने, कारण बॉकबाईंच्या प्रयोगातही वाक्य तोंडाने म्हणायचं होतं. आणि अर्ज लिहिताना शेवटच्या ओळीत 'करण्यात यावी' आलं की तिथेच पेन थांबवून स्वतःला विचारावं, कोणी करावी? उत्तर माहीत असेल तर ते पद तिथे लिहावं. माहीत नसेल तर आधी ते शोधावं. अर्जाचं निम्मं काम तिथेच होतं.

वाक्यं आपल्याला वारशाने मिळतात, उसनीही मिळतात. उसनं घ्यायला हरकत नाही, उसन्यावर तर गाव चालतं. फक्त कोणाकडून घेतलं आणि त्यात आपला माणूस कुठे गेला, याची नोंद ठेवावी. आता तुम्ही विचारा. आणि प्रश्न विचारताना कर्ता विसरू नका.